उतरतानाचा इंजिनबिघाड: एका सिम्युलेटर सत्राचा अनुभव

धावपट्टीवर पूर्ण थ्रस्ट (इंजिनाचा रेटा) लावलेला असताना इंजिन बंद पडले तर काय करायचे, हे बहुतेक वैमानिकांनी पुन्हा पुन्हा घोटलेले असते. बोईंग ७३७-८००चे हे चार तासांचे सत्र मी निवडले ते त्यात उतरतानाच्या बिघाडावर भर होता म्हणून, आणि त्या बाबतीत ते अपेक्षेपेक्षा सरस निघाले.

आठ हजार फुटांवरून खाली येताना, दोन्ही थ्रस्ट लीव्हर पूर्ण मागे, म्हणजे थ्रस्ट किमान असताना प्रशिक्षकांनी डावे इंजिन बंद केले, तेव्हा हिसका असा जाणवलाच नाही. जनरेटरचा दिवा लागला, इंजिनाचे तापमान उतरू लागले, इतकेच. तीन हजार फुटांवर विमान समपातळीत आले, उजव्या इंजिनाचा थ्रस्ट वाढला आणि कोणाचाही हात नसलेले कंट्रोल व्हील माझ्यासमोर हळूहळू उजवीकडे कलू लागले. या विमानाचा ऑटोपायलट अशा वेळी रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे शेपटीवरचे पाते) वापरत नाही, एलेरॉनवरच (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पात्यांवरच) तोल सावरतो. रडरचे उजवे पेडल दाबून ते व्हील सरळ करणे माझे काम होते आणि ते सुचायला मला नको तितका वेळ लागला.

हाच शांतपणा किती फसवा असतो, हे आधीच्या चर्चेत इंग्लंडमधल्या केगवर्थच्या अपघातावरून उत्तम समजावले गेले. ८ जानेवारी १९८९ रोजी तेथे कोसळलेल्या ७३७-४००च्या वैमानिकांनी चांगले असलेले उजवे इंजिन बंद केले होते; बिघडलेले डावे इंजिन कमी थ्रस्टवर ठीक वाटत राहिले, आणि अखेरच्या टप्प्यात थ्रस्ट वाढवल्यावर निकामी झाले. ४७ प्रवासी दगावले. त्यामुळे सहवैमानिकाने मोठ्याने दुजोरा दिल्याशिवाय आम्हाला एकही लीव्हर हलवू दिला गेला नाही. त्या वेळी हे जाचक वाटले, पण ते योग्यच होते.

दुसऱ्या सरावात फ्लॅप्स (कमी वेगात जास्त उचल देणाऱ्या, पण ओढही वाढवणाऱ्या पंखांच्या झडपा) ३०वर असताना, हजार फुटांवर इंजिन गेले. थ्रस्ट पुरत नसल्याने फ्लॅप्स १५वर घेऊन वेग २० नॉटने वाढवला, मात्र फ्लॅप्स कमी असल्याचा इशारा बंद ठेवणारा स्विच विसरलो आणि जमीन जवळ येताच ‘टू लो, फ्लॅप्स’ असा आवाज सुरू झाला.

तक्रार करायची तर दोन गोष्टींची. रडर ट्रिम (रडर एका बाजूला धरून ठेवणारी जुळणी) टेकण्यापूर्वी मध्यावर आणला नाही, तर थ्रस्ट काढताच नाक चालू इंजिनाच्या बाजूला वळते, हे मी धावपट्टीची कडा गाठल्यावर सांगण्यात आले. शिवाय एका इंजिनावरचा गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) वेळेअभावी एकदाच झाला, तोही घाईत. सत्र ठरवतानाच त्यासाठी निदान अर्धा तास मागून घ्यावा.