४० वॅटचा अ‍ॅम्प आणि १२ वॅटचा अ‍ॅडॅप्टर

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॉलेजच्या मुलाने गेल्या पावसाळ्यात ऑनलाइन जाहिरात बघून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं स्पीकरचं खोकं) असा जोड १४,५०० रुपयांना घेतला. 'इम्पोर्टेड गिटार, ४० वॅट अ‍ॅम्प, फारसा वापर नाही.' गिटार बघायच्या आधीच २,००० रुपये टोकन म्हणून यूपीआयने घेतले गेले, म्हणजे मुलगा तिथे पोचला तेव्हाच अर्धा बांधला गेला होता. विकणाऱ्याने खोलीवर वाजवून दाखवलं आणि खोली दणाणली. चार दिवसांनी त्याचा फोन बंद.

दणाणली ती कशामुळे, हे आधी सांगतो. गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये विकणाऱ्याचं स्वतःचं इफेक्ट पेडल जोडलेलं होतं. सिग्नल मोठा करणं, त्याला धार आणणं, घुमारा देणं हे सगळं ते पेडल करत होतं, आणि सौद्यात ते नव्हतं. घरी गिटारची वायर थेट अ‍ॅम्पला लावल्यावर आवाज गोधडीखालून आल्यासारखा.

अ‍ॅम्पच्या पाठीवर ४० वॅटचा स्टिकर होता. अ‍ॅडॅप्टरवर मात्र बारीक अक्षरात १२ व्होल्ट, १ अँपिअर. गुणाकार करा: १२ वॅट. जेवढी वीज आत जाते त्याहून जास्त बाहेर येऊच शकत नाही. स्पीकरपर्यंत त्यातले सात-आठ वॅट पोचले तरी खूप. मागचे चार स्क्रू काढले तर स्पीकरच्या चुंबकावरच '४ ओहम ५ वॅट' छापलेलं, आणि सर्किट बोर्ड कराओके स्पीकरचा. गिटारचा जॅक सरळ माइकच्या इनपुटला डकवलेला. गिटारच्या पिकअपमध्ये (तारांची थरथर टिपणारा तारांखालचा चुंबकी भाग) केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. त्याला पुढे साधारण १ मेगाओहमचं इनपुट लागतं. माइकचं इनपुट काही हजार ओहमचंच असतं, त्यामुळे पिकअपवर भार येतो आणि वरचे सूर तिथेच मरतात. ट्रेबलचं बटण कितीही फिरवलं तरी ते परत येत नाहीत.

वाईट याचं वाटतं की त्याला ४० वॅटची गरजच नव्हती. घरात वाजवायला खरे १० वॅट आणि ६ किंवा ८ इंची स्पीकर पुरून उरतो. शेजारी तक्रार घेऊन येतील इतका आवाज होतो.

गिटारची फसवणूक जास्त मुरलेली होती. डोक्यावरचं नाव नखाने चाचपलं की कडा लागत होती, म्हणजे स्टिकर वरून चिकटवलेला. पण नाव खोटं असूनही गिटार चांगली निघू शकते, म्हणून टेप घेऊन मोजावं. नटपासून (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) १२व्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ३२४ मिलिमीटर भरले. १२व्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत (दुसऱ्या टोकाला तार टेकते तो तुकडा) तेवढंच, किंवा एक ते तीन मिलिमीटर जास्त हवं. जाड तारेला जास्त, बारीक तारेला कमी. इथे ३२१ भरले आणि सॅडलचे स्क्रू पूर्ण मागे नेलेले, आणखी सरकायला जागा नाही. सॅडल ज्यावर बसतात तो ब्रिजच पुढे ठोकलेला. मोकळी तार सुरात लावली तरी १२व्या फ्रेटवर ट्यूनर १५ सेंट चढा दाखवणार (एका फ्रेटच्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). नवशिक्याला हे कळत नाही. आपला कान कच्चा, बोटं चुकतात, असं समजून तो दोन महिने स्वतःला दोष देतो आणि मग गिटार कपाटावर जाते. पैशांपेक्षा हे नुकसान मोठं आहे.

तिसरी चलाखी तारांची. विकताना गिटारवर ०.००८ इंचापासूनचा फार बारीक संच चढवलेला होता. सहा तारांचा मिळून ताण सुमारे ३१ किलो. मुलाने नेहमीचा ०.०१०चा संच लावला, ताण सुमारे ४६ किलोवर गेला आणि मान पुढे वाकली. ट्रस रॉडला (मानेच्या आतला, तिचा वाक सुधारणारा दांडा) अ‍ॅलन की लावली तर त्याचा स्क्रूचा नट नुसता फिरतोय, आटे गेलेले. बारीक तारांनी हा दोष झाकला होता. मान तपासायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट बोटाने दाबा आणि सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) मोजा. हे गेज मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या कुणाकडेही असतं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात विकत मिळतं. ०.२ ते ०.३ मिलिमीटर ठीक. इथे ०.९ होतं, आणि १२व्या फ्रेटवर जाड तारेची उंची २ मिलिमीटरऐवजी साडेतीन.

मिरजेला सतार घ्यायला जाणारा माणूस कुणीतरी जाणकार सोबत नेतो. गिटार मात्र फोटो बघून घेतली जाते. जाणकार नसेल तर निदान टेप, अ‍ॅलन की आणि स्वतःची वायर न्या. पेडल काढायला लावा, अ‍ॅम्प क्लीनवर (कुठलाही इफेक्ट नसलेल्या साध्या आवाजावर) ठेवून आवाज पूर्ण वाढवा. ट्रस रॉड मालकाच्या हातून पाव फेरा दोन्हीकडे फिरवून घ्या. तो नाही म्हणाला तर तिथूनच परत या. तारा किती जाडीच्या आहेत ते विचारा. थेट विजेवर चालणारा अ‍ॅम्प असेल तर अर्थिंगची तिसरी पिन कापलेली नाही ना आणि मागच्या प्लेटवर २३० व्होल्टच लिहिलंय ना, एवढं नक्की बघा. परदेशातून आलेले काही अ‍ॅम्प १०० किंवा १२० व्होल्टचे असतात, आपल्या प्लगला लावले की ट्रान्सफॉर्मर जळतो. वस्तू हातात येईपर्यंत टोकन देऊ नका. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर तो चोर आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

या मुलाच्या गिटारवरची ब्रिजच्या स्क्रूंची छिद्रं बुजवून ब्रिज मागे घेता येईल, पण मान बदलावीच लागेल. पिकअप तेवढे नीट निघाले, मल्टिमीटरवर तिन्ही ६ किलोओहमच्या आसपास. अ‍ॅम्पच्या खोक्यातलं ठेवून घेण्यासारखं काही नाही.