सेंच्युरियनची प्रतिकृती : १:३५ की १:७२?

१६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियन रणगाड्यात धारातीर्थी पडले, त्याची प्रतिकृती करताना पहिला प्रश्न प्रमाणाचा येतो. सुमारे साडेसात मीटर लांबीचा हा सांगाडा, तोफेची नळी सोडून, १:३५ मध्ये साधारण २१ सेंटिमीटर भरतो, तर १:७२ मध्ये जेमतेम साडेदहा.

लहान प्रतिकृती स्वस्त पडते, कपाटात मावते आणि लवकर पुरी होते. परंतु त्यात सैनिक अडीच सेंटिमीटरहून कमी उंचीचा राहतो आणि त्याचा चेहरा म्हणजे केवळ रंगाचा ठिपका होतो. १:३५ मध्ये तोच सैनिक पाच सेंटिमीटरच्या आसपास जातो; कोल्हापूरच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या डोळ्यांची आखणी पाहिलेल्याला ‘शून्य’ नंबरच्या बारीक कुंचल्याने भुवई कशी उमटते, हे सांगावे लागत नाही. रणगाड्याच्या चाकांवरच्या पट्ट्याची एकेक कडी जोडताना मात्र संयमाची कसोटी लागते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात रंग लवकर वाळत नाही, हा त्रास वेगळाच.

श्रद्धांजली यंत्राला नसून आतल्या माणसाला आहे, म्हणून मी १:३५ निवडले.