बाळाच्या अंगावरची लाल गाठ: वाट पाहायची, औषध द्यायचं की सुई?

आधी एवढं आठवा: गाठ जन्मतःच होती, की नंतर उगवली? पहिल्या काही आठवड्यांत उगवून भराभर फुगली तर बहुधा हेमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची, कर्करोग नसलेली गाठ. तो पुढच्या काही वर्षांत ओसरतो. जन्मापासून असून बाळाच्याच मापानं वाढत असेल, तर व्हॅस्क्युलर मालफॉर्मेशन, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या किंवा लसिकावाहिन्यांच्या (लसिका हा पाण्यासारखा द्रव वाहणाऱ्या नळ्यांच्या) घडणीतलाच दोष. तो आपोआप जात नाही. (ग्रहणाचा दोन्हींशी काही संबंध नाही.) शंका असेल तर डॉप्लर सोनोग्राफी (गाठीतला रक्तप्रवाह दाखवणारी) करा, ती इथं कोल्हापुरातही होते.

“जाईल आपोआप” हा सल्ला पाठी-पोटावरच्या छोट्या हेमँजिओमाला ठीक. पापणी, ओठ, नाकाचा शेंडा आणि लंगोटाची जागा इथं तो महागात पडतो, कारण बरीचशी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच उरकते. पापणीवरच्या गाठीनं डोळा झाकला गेला तर त्या डोळ्याची नजर मंद राहू शकते. ओठावर आणि लंगोटात गाठ फुटून जखम होते. दाढीच्या जागी पसरलेल्या गाठीबरोबर श्वासाला घरघर असेल तर त्याच दिवशी दाखवा, श्वासनलिकेतही गाठ असू शकते. अंगावर पाच किंवा जास्त गाठी असतील तर यकृताची सोनोग्राफी हवी.

पातळ, वरवरच्या हेमँजिओमावर टिमोलॉलचे थेंब (वरून लावायचं औषध) पुरतात. जाड किंवा धोक्याच्या जागच्या गाठीला तोंडानं द्यायचं प्रोप्रॅनोलॉल हेच पहिलं औषध; त्याचा हा उपयोग २००८ मध्ये समोर आला. स्टिरॉइड आता मागं पडलं. सुरुवात रोज किलोमागे १ मिलीग्रॅमनं, मग २ ते ३ पर्यंत, दोन वेळांत विभागून, किमान सहा महिने. म्हणजे ५ किलोच्या बाळाला २ च्या हिशेबानं ५ मिलीग्रॅम सकाळी, ५ संध्याकाळी. पहिल्या डोसनंतर दोन तास नाडी आणि रक्तदाब बघतात. चेहऱ्यावर मोठा पट्टा असेल तर आधी हृदयाचा इको आणि मेंदूचा एमआरआय.

चुका घरीच होतात. बाजारात १० मिलीग्रॅमची गोळी मिळते तशी ४० चीही. अदलाबदल झाली तर डोस चौपट. गोळीचे अंदाजे तुकडेही नकोत, द्रव औषध मापाच्या सिरिंजनं द्या. उपाशीपोटी दिलं तर रक्तातली साखर घसरते, म्हणून दूध पाजतानाच द्यायचं. उलट्या, धाप किंवा दूध न पिणं सुरू झालं की डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा.

मालफॉर्मेशनवर मात्र प्रोप्रॅनोलॉल म्हणजे वेळ फुकट. लसिकेच्या पिशव्या आणि शिरांच्या गाठी यांना सुईनं औषध भरून आकसवतात (स्क्लेरोथेरपी). बहुधा एका बैठकीत भागत नाही, आणि बाळाला भूल लागते. खोल, पसरलेल्या दोषाला सिरोलिमस हे तोंडानं द्यायचं औषध, त्यासाठी वारंवार रक्ततपासणी. सपाट जांभळ्या डागाला पल्स्ड डाय लेझर. सुई किंवा लेझरसाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं, तरी पहिली तपासणी आणि पुढची देखरेख इथल्या बालरोगतज्ज्ञांकडे किंवा सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात ठेवा. धडधडणाऱ्या, गरम गाठीला अर्धवट कापू किंवा बांधू देऊ नका, ती आणखी पसरते.

गाठ अचानक टणक आणि जांभळी झाली, अंगावर काळे-निळे डाग उठले, तर तातडीनं प्लेटलेट तपासा. हा वेगळाच, घातक प्रकार असू शकतो.