खारघरचं संजीवनी रुग्णालय: नाशिकच्या पालकांसाठी

नवी मुंबईतल्या श्री सत्य साई संजीवनीत मुलांच्या जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया पूर्ण मोफत होते. बिलाचा काउंटरच नाही. मजुरी करणाऱ्या घरासाठी हा फार मोठा आधार आहे. नाशिकरोडहून रेल्वेने ठाणे, तिथून पनवेल लोकलने खारघर. ताजा टूडी इको (हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट), जुने सगळे रिपोर्ट, आधार आणि लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. अंगणवाडीतल्या आरबीएसके (सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) तपासणीत दोष सापडला असेल तर ती चिठ्ठीही.

घोळ होतो तो साध्या गोष्टींनी. मुलाला सर्दी-ताप असेल तर भूल देणं धोक्याचं, म्हणून तारीख पुढे जाते. मुलाचे किडलेले दात घरून निघण्याआधीच दातांच्या डॉक्टरांना दाखवा. त्यातले जंतू रक्तातून हृदयाच्या आतल्या आवरणापर्यंत पोहोचू शकतात. प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी मात्र उरतेच, त्याची तजवीज हवी.