ओकचं बोन्साय सत्तर दिवस सांभाळायला दिलं होतं, त्याचा अनुभव

लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला जायचं ठरलं आणि माझ्यापुढे पहिला प्रश्न झाडाचा आला. घरात दुसरं कोणी नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली आमची गच्ची एप्रिलपासून अशी तापते की अनवाणी पाऊल टेकवत नाही. बाकीच्या कुंड्या शेजारच्या वहिनींनी आनंदानं घेतल्या, पण ओक कुणाच्याही हवाली करण्यासारखं झाड नाही. म्हणून फुलेवाडी नाक्याच्या पुढे, गगनबावडा रस्त्याला असलेल्या या नर्सरीत 2 एप्रिल ते 11 जून 2024 असं ते ठेवलं. दिवसाला पंधरा रुपये घेतले.

झाडाबद्दल थोडं सांगते, नाहीतर मी इतकं का लिहितेय ते कळणार नाही. 2013 च्या जानेवारीत नैनितालला गेले होते. तिथल्या रस्त्यावर बांजच्या बिया पडलेल्या होत्या, टोपी घातल्यासारख्या. बांज म्हणजे हिमालयातला ओक. बी वाळलं की मरतं, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून आठ बिया आणल्या. घरी पाण्यात टाकल्यावर दोन तरंगल्या, त्या फेकल्या. राहिलेल्या सहांतल्या चार उगवल्या आणि आज एक उरलंय. अकरा वर्षांत बुंधा माझ्या अंगठ्याच्या दुप्पट झाला आहे आणि उंची चौदा इंच. नैनिताल जवळपास 2000 मीटरवर, आपलं कोल्हापूर 550 च्या आसपास. तिथल्यासारखी थंडी इथं त्याला मिळत नाही, तरी दर फाल्गुनात जांभळट गुलाबी पालवी येते आणि पान उलटलं की खालून पांढरी लव दिसते. त्या आठवड्यात मी सकाळचा चहा गच्चीवरच घेते.

2019 साली ऑपरेशनसाठी पंधरा दिवस पुण्याला जावं लागलं तेव्हा हे झाड दुसऱ्या एका ठिकाणी ठेवलं होतं. तिथल्या माणसाला कुंडीच्या मातीत पांढरे धागे दिसले. रोग समजून त्यानं बुरशीनाशक ओतलं, तेही दोनदा. ओकच्या मुळांवर ती पांढरी बुरशी असावीच लागते. ती मुळांना पाणी आणि स्फुरद मिळवून देते, झाड तिला साखर देतं, असा त्यांचा व्यवहार. वर पाणी बोअरचं, जड, म्हणजे क्षारांचं. कुंडीच्या काठाला पांढरे थर धरले होते. परत आले तेव्हा पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. डावीकडची पहिली फांदी वाळली, पाच वर्षं तार लावून, सोडून, पुन्हा लावून वळवलेली. मी त्या दिवशी जेवले नाही.

त्यामुळे या नर्सरीत मी परीक्षा घ्यायच्या तयारीनंच गेले होते. मालकांकडे वड, पिंपळ, उंबर यांची पंचवीस-तीस बोन्साय आहेत, काही त्यांच्या वडिलांच्या हातची. माझं झाड त्यांनी चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, ‘काकू, हे झाड मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो.’ दोनशे पानी वही काढली आणि खरंच लिहून घेतलं. वड पावसाळ्यात कितीही छाटा, महिन्यात पुन्हा भरतो. ओकचा काप भरायला वर्षं लागतात. वडाचं पान तहान लागली की मान टाकतं, ओकचं ताठच वाळत जातं, आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पानाकडे बघून नाही, मातीत काडी खुपसून पाणी ठरवायचं. हे सगळं त्यांनी विचारून विचारून घेतलं. पाण्याचं मी विचारायच्या आधी तेच म्हणाले की बोअर आहे, पण झाडांसाठी, शेतीला नदीचं पाणी पुरवणाऱ्या संस्थेचं पाणी टाकीत भरून ठेवतो.

ठेवायची जागाही मला दाखवली. हिरव्या जाळीखाली ओल्या वाळूचा वाफा, त्यावर कुंडी, सकाळी दहापर्यंतचं ऊन. उथळ कुंडीतली मुळं उन्हानं भाजतात, वाळू गार राहिली की तो धोका कमी होतो.

परत आल्यावर ती वही वाचली, आणि या नर्सरीबद्दल मला खरं सांगायचंय ते त्या वहीबद्दलच. माझ्या झाडाला वेगळं पान. ‘आज पाणी नाही. काडी ओली.’ ‘सकाळी एक तांब्या, संध्याकाळी नाही.’ ‘वळीव, वारा जोरात. शेडमध्ये आत.’ ‘नवीन फूट दोन इंच. छाटली नाही, काकूंना विचारायचं.’ आणि त्याच दिवशी संध्याकाळी मला फोन आला होता, तेव्हा नात चार दिवसांची होती. सत्तर दिवसांतल्या बावीस नोंदी ‘पाणी नाही’ अशा आहेत, मी मोजल्या. पैसे घेतलेत म्हणून रोज काहीतरी करून दाखवायचा मोह या माणसाला झाला नाही, याचं मला फार मोल वाटतं.

या रिव्ह्यूत नर्सरीचा एक स्टार कापला आहे, त्याचं कारण. झाडाचा नंबर लिहिलेली पट्टी त्यांच्या मुलानं उजव्या फांदीला बारीक बाइंडिंग तारेनं बांधली होती. उन्हाळ्यात फांदी जाड झाली आणि तार सालीत रुतली. व्रण बोटाला लागतो, जायला दोन-तीन वर्षं लागतील. कुंडी अधूनमधून फिरवायचीही राहिली, त्यामुळे एका बाजूच्या फुटी लांबल्या. मी दाखवल्यावर मालकांनी मुलाला बोलावून तो व्रण हातानं चाचपायला लावला. आता पट्ट्या कुंडीच्या पायाला बांधतात, परवा खत आणायला गेले तेव्हा बघितलं.

तुमचं झाड ठेवणार असाल तर कागदावर लिहून न्या: पाणी कसं, ऊन किती, कशाला हात लावायचा नाही. ते वाचतात. रविवारी फोटो पाठवतात. सोमवारी बंद असतं.

कुंडी तुम्हीच बदलून द्याल का, असं मी विचारलं होतं. ‘वडाची बदलतो काकू, ह्याच्या मुळांना मी हात लावणार नाही. तुम्ही कराल तेव्हा बोलवा, बघायला येतो.’ जानेवारीच्या शेवटी, पालवी फुटायच्या आधी करणार आहे, मुळांभोवतीची जुनी माती निम्मी तरी तशीच ठेवून. त्यांना आदल्या रविवारी फोन करायचाय.