अनबाउंड, रास्पबेरी पाय आणि घड्याळाचा सेल: अकरा महिन्यांनंतर

खानापूर तालुक्यात पावसाळ्यात करंट जाण्याचं कुणाला नवल नाही. पण यंदा जुलैत तारांवर झाड पडलं, दोन दिवस अंधारात काढले, आणि करंट आला तरी घरातलं नेट काही येईना. राउटरचे दिवे हिरवे, फायबर ठीक, तरी एक साइट उघडेल तर शपथ. "ते तुझं डबडं काढून टाक की," आप्पा म्हणाले. डबडं म्हणजे अकरा महिन्यांपूर्वी लावलेला माझा डीएनएस सर्व्हर, साइटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता शोधून देणारं यंत्र.

मांडणी साधीच आहे. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर अनबाउंड हा डीएनएसचा प्रोग्राम, ते बाहेरची नावं थेट रूट सर्व्हरपासून, म्हणजे अगदी वरच्या पायरीपासून, शोधत येतं. घरातली नावं आणि डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणं, डीएनएसमास्क या दुसऱ्या प्रोग्रामकडे. आधी बाइंड हा डीएनएसचाच दुसरा प्रोग्राम लावून पाहिला होता, पण झोन फाइलीत, म्हणजे त्याच्या नावांच्या यादीत, नावापुढचा एक टिंब राहिला की पुढे सगळं डोमेन दोनदा चिकटायचं. त्यात दोन रविवार गेले. घरातल्या नावांना सुरुवातीला ‘.लोकल’ दिलं तीही चूक, ते एमडीएनएससाठी, म्हणजे सर्व्हरशिवाय यंत्रांनी एकमेकांना शोधण्यासाठी, राखलेलं आहे. घरासाठी २०१८ पासून ‘होम.आर्पा’ ठरवून दिलंय, तेच वापरा.

जुना डेस्कटॉप पडून होता, तोच लावायचा विचार होता. मग हिशोब केला. ६० वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला ४३ युनिट. कर्नाटकाच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटच्या वर गेलं की सगळं बिल आपल्या अंगावर. पाय ५ वॉट धरला तरी महिन्याला चार युनिटही होत नाहीत. यावर मी आजही खूश आहे. वेगावरही. एकदा विचारलेलं नाव परत विचारलं की डिग, म्हणजे नाव विचारून बघायची कमांड, ‘० मिलिसेकंद’ दाखवतं.

आता त्या रात्रीचं. डिग केलं की प्रत्येक नावाला ‘सर्व्हफेल’, म्हणजे उत्तर देता येत नाही. प्लस सीडी लावून, म्हणजे उत्तरांवरच्या डिजिटल सह्या न तपासता विचारलं, की उत्तर बरोबर. मी अनबाउंडला दोष दिला, डीएनएससेक, म्हणजे ही सह्यांची तपासणी, बंद केलं, नेट सुरू झालं. हे सॉफ्टवेअर घरासाठी नाही असंच लिहायचं मनात होतं. झोपायच्या आधी सहज ‘डेट’ टाइप केलं. पडद्यावर १७ जुलै. भिंतीवरच्या कालनिर्णयात १९.

सगळं तिथेच उलगडलं. पाय ४ ला सेलवर चालणारं घड्याळच नाही. करंट गेला की शेवटची जपून ठेवलेली वेळ धरून ते उठतं आणि खरी वेळ नेटवरून घेतं. पण वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधायला डीएनएस लागतो. डीएनएससेकच्या सहीवर ‘या वेळेपासून त्या वेळेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं, आणि १७ तारखेत अडकलेल्या यंत्राला १९ ची सही उद्या-परवाची वाटते. म्हणून ते सही नाकारतं, नाव सापडत नाही, वेळ मिळत नाही, आणि वेळ नाही म्हणून सही पुन्हा नाकारली जाते. तास-दोन तास करंट गेला तर अनबाउंड तेवढा फरक चालवून घेतं, म्हणून आधीचे सात महिने काही कळलंच नाही.

अनबाउंडबद्दलचं मत मी मागे घेतो. त्याने आपलं काम चोख केलं. राग आहे तो एवढं महागडं बोर्ड विकून त्यात एक सेल न बसवण्याचा. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण सेल तिथेही वेगळाच घ्यावा लागतो!

उपाय अडीचशे रुपयांच्या आतला. डीएस३२३१ या घड्याळाचं बोटाच्या पेराएवढं मॉड्यूल, सेल जोडलेलाच, पायच्या पहिल्या पाच विषम पिनांवर बसतं. कॉन्फिग फाइलीत एक ओळ घालायची आणि फेक-एचडब्ल्यूक्लॉक, म्हणजे शेवटची वेळ जपून ठेवणारा तो प्रोग्राम, काढून टाकायचा. डब्याचं झाकण बसेना म्हणून कानशीने कोपरा घासला. असल्या घड्याळाला आरटीसी म्हणतात. पार्सल आलं तेव्हा "आरटीसी आलं" म्हणालो, तर आप्पांनी विचारलं, "कुठल्या सर्व्हे नंबरचं?" आमच्याकडे आरटीसी म्हणजे शेताचा उतारा. डीएनएससेक त्याच संध्याकाळी परत चालू केलं.

आणखी एक. दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा पत्ता देऊ नका. तो अडीअडचणीपुरता राहत नाही, फोन मनाला येईल तेव्हा तिकडे विचारतात आणि मग घरातला प्रिंटर सापडत नाही.

गणपतीत परत दीड दिवस करंट नव्हता. पहाटे आला. मी उठून बघायला गेलो तोवर आप्पांनी टीव्हीवर भजन लावलेलं होतं.

निपाणीला मेव्हण्याकडे हीच मांडणी करायची आहे. मॉड्यूल मागवून ठेवलंय, पाय अजून घ्यायचा आहे.