हूव्हर की रूझवेल्ट?

१९३० च्या दशकातल्या अमेरिकी मंदीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर हातावर हात ठेवून बसले होते, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. १९३२ मध्ये बँका आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारी सरकारी संस्था त्यांच्याच काळात उभी राहिली. पण बेकाराच्या हातात केंद्राने थेट पैसे द्यायला त्यांचा ठाम विरोध. ते काम राज्यांचं आणि धर्मादाय संस्थांचं, हा हेका. लोकांनीही मग नावं ठेवली: खोक्या-पत्र्यांची झोपडपट्टी म्हणजे ‘हूव्हरव्हिल’, पांघरायला घेतलेलं वर्तमानपत्र म्हणजे ‘हूव्हर ब्लँकेट’. १९३२ च्या उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धातल्या सेवेचा बोनस मागायला वॉशिंग्टनला आलेल्या माजी सैनिकांवर लष्कर धाडलं गेलं आणि उरलीसुरली पतही गेली.

त्यांच्या जागी फ्रँकलिन रूझवेल्ट मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून आले, तेव्हा साधारण दर चार कामगारांत एक बेकार होता. त्यांनी आधी देशभरच्या बँका बंद ठेवल्या, मग रेडिओवरून साध्या भाषेत कारण समजावलं. बँका उघडल्या तशी माणसं घरात दडवलेले पैसे परत भरायला आली! सरकारने जंगलकामावर घेतलेल्या बेकार पोरांना महिना ३० डॉलर; त्यातले बहुतेक थेट घरी जात.

माझं मत रूझवेल्टना, पण डोळे झाकून नाही. १९३५ च्या पेन्शन कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, म्हणजे कृष्णवर्णीयांचा मोठा हिस्सा बाहेरच. १९३७ मध्ये त्यांनीही खर्चाला कात्री लावली, तर बेकारी पुन्हा उसळली. ती खऱ्या अर्थाने हटली दुसऱ्या महायुद्धाच्या कारखान्यांमुळे.